तुंबाड, मुंजा आणि आपली लेकरे

रविवारची वंदना संपली की शीव कोळीवाड्याच्या आमच्या विहारात आम्ही आरोग्य गटाच्या बाया तासभर थांबतो. कुणाचे बीपी मोजायचे, कुणाच्या कागदावरचे डॉक्टरांचे अक्षर वाचून द्यायचे, सायन हॉस्पिटलात केसपेपर कुठल्या खिडकीवर मिळतो ते सांगायचे. मागच्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा तिच्या ओढणीआड उभा. गळ्यात काळा दोरा, दंडाला ताईत, कपाळावर अंगारा पुसल्याची खूण.

"ताई, पंधरा दिवस झाले, हा रात्रीचा झोपत नाही," ती म्हणाली. "अंथरुणात करतो. चौथ्या वर्षानंतर कधी केलं नव्हतं. रात्री संडासला जायचं नाव काढलं की थरथर कापतो. दिवसासुद्धा माळ्यावर एकटा चढत नाही. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय."

सासूबाईंनी नातवाला एका बाबाकडे नेले होते. त्याने अकराशे रुपये घेतले, दोरा बांधला आणि अमावस्येला पुन्हा आणायला सांगितले. त्या दिवशी मिरचीची धुरी द्यायची होती. अमावस्येला पाच दिवस उरले होते. आईच्या मनाला ते पटेना, म्हणून ती घरात न सांगता आमच्याकडे आली.

आम्ही मुलाला काही विचारले नाही. कागद आणि रंगीत पेन्सिली दिल्या आणि म्हटले, "काढ बाळा काहीतरी." बराच वेळ तो नुसता बसून होता. मग त्याने एक विहीर काढली आणि विहिरीच्या तळाशी लाल रंगाचे कुणीतरी.

"हा कोण रे?"

"हस्तर."

तेव्हा आम्हाला उलगडा झाला. दहा बाय बाराची खोली, सहा माणसे. त्याच्या शेजारी सतरा वर्षांचा चुलतभाऊ झोपतो. भावाने रात्री चादरीखाली मोबाइलवर 'तुंबाड' लावला होता. धाकटा जागाच होता, तोही चादरीत शिरला. सिनेमा संपल्यावर भावाने दम दिला, घरात बोललास तर बघ. म्हणजे लेकराच्या पोटात भीती होती आणि वर तोंड उघडायची बंदी होती. पंधरा दिवस ते लेकरू त्या भीतीत एकटेच होते.

या अनुभवानंतर वस्तीतल्या बऱ्याच आयांनी आम्हाला विचारले, "ताई, असले सिनेमे पोरांना दाखवावेत का? कुठला दाखवावा, कुठला नाही, हे ओळखायचं कसं?" प्रश्न आरोग्याचाच आहे. झोप, लघवी, पोट, अभ्यास, सगळे त्यात आले. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्यासाठी.

'तुंबाड'मध्ये आहे तरी काय?

सल्ला देण्याआधी आम्ही तिघींनी बसून सिनेमा पाहिला. 'तुंबाड' 12 ऑक्टोबर 2018 रोजी पहिल्यांदा लागला आणि 13 सप्टेंबर 2024 रोजी पुन्हा थिएटरात आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. सिनेमा हिंदी, पण गाव कोकणातले, माणसे मराठी, पाऊस आपल्या ओळखीचा. दुसऱ्यांदा लागला तेव्हा त्याची पुन्हा चर्चा झाली आणि आमच्या गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलवर त्याचे तुकडे फिरू लागले.

गोष्ट सुरू होते ती पुराणकथेसारखी. एक देवी, तिचा पहिला मुलगा हस्तर, त्याला सोन्याचा आणि धान्याचा हव्यास. नंतर 1918 सालचा एक वाडा, विनायक नावाचा लहान मुलगा, त्याचा धाकटा भाऊ, आई, आणि साखळीने बांधलेली एक भयानक म्हातारी. ही सुरुवात पाहून मोठी माणसे फसतात. देवाची गोष्ट आहे, आजी आहे, लहान मुले आहेत, म्हणजे मुलांनी पाहायला हरकत नाही, असे वाटते. लहान मुले असलेला सिनेमा लहान मुलांसाठीच असतो असे नाही, ही पहिली गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे.

पुढे काय होते ते मोघम सांगतो. धाकटा भाऊ मरतो. म्हातारी मुलावर धावून जाते. जिवंत माणूस सडतो, त्याच्या अंगातून झाड उगवते, माणसे जाळली जातात. स्त्री-पुरुषांचे प्रसंग आहेत. मोठा झालेला विनायक सोन्याच्या मोहरांपायी आपल्या पोटच्या मुलालाही त्या अंधाऱ्या जागी नेतो. आणि शेवटी त्या मुलावर आपल्या बापाच्या बाबतीत जे करायची वेळ येते, ते पाहून आम्हा मोठ्यांच्याही घशाला कोरड पडली.

सिनेमा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. लोभाने माणसाचे काय होते हे त्यात फार नेमके दाखवले आहे. तृष्णा हे दुःखाचे मूळ असे आपल्याला तथागतांनी शिकवले. मोठ्या माणसाला हा सिनेमा तेच आठवून देईल. पण नऊ वर्षांचे लेकरू त्यातून लोभाचा धडा घेत नाही. ते घेते विहीर, साखळी आणि बाप. आमच्या त्या मुलाला सगळ्यात जास्त भीती कशाची होती, तर हस्तरची नव्हे. तो आईला हळूच म्हणाला होता, "पप्पा पण तसे होतील का?" त्याचे वडील रात्रपाळीला जातात, पहाटे अंधारात दार वाजवतात. ते दार वाजले की पोरगा अंथरूण ओले करायचा.

'यू', 'यूए', 'ए' ही अक्षरे कशाची?

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक सरकारी प्रमाणपत्र येते. आपण त्या वेळी पॉपकॉर्न सांभाळत असतो. त्या कागदावरचे अक्षर फार कामाचे आहे.

1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ हे प्रमाणपत्र देते. लोक त्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतात. 'यू' म्हणजे सगळ्यांनी पाहावा असा. 'ए' म्हणजे फक्त 18 वर्षांवरच्यांसाठी. 1983 पासून या दोहोंच्या मध्ये 'यूए' आले. त्याचा अर्थ, बारा वर्षांखालच्या मुलांना आईबापांनी विचार करून दाखवावा. चौथे अक्षर 'एस', ते डॉक्टर वगैरे खास वर्गासाठी. आपल्याशी त्याचा संबंध येत नाही.

2023 मध्ये कायदा बदलला आणि 'यूए'चे तीन भाग झाले: 'यूए 7+', 'यूए 13+' आणि 'यूए 16+'. नोव्हेंबर 2024 पासून नव्या सिनेमांवर ही अक्षरे दिसतात. इथे एक फरक नीट समजून घ्या. 'ए' ही बंदी आहे. 18 वर्षांखालच्या मुलाला थिएटरवाल्याने आत सोडता कामा नये. 'यूए'चे आकडे मात्र बंदी नाहीत. 'यूए 13+' सिनेमाला दहा वर्षांच्या मुलाला दारात कुणी अडवणार नाही. तो आकडा आईबापांना दिलेली सूचना आहे. निर्णय आपला.

'तुंबाड'ला 'ए' प्रमाणपत्र आहे. म्हणजे त्या नऊ वर्षांच्या मुलाचे तर सोडाच, सतरा वर्षांच्या भावालाही तो थिएटरात पाहता आला नसता.

मग घरात कसा आला? 'ए' सिनेमा टीव्हीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही. यासाठी आपल्याच मुंबईतल्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी उच्च न्यायालयात गेल्या होत्या. टीव्हीवर आणायचा तर काटछाट करून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोबाइलवरच्या ओटीटीला 2021 चे नियम आहेत. तिथेही वयाचे आकडे लिहावे लागतात आणि 13+ व त्यावरच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय कंपनीला द्यावीच लागते. पण ते कुलूप लावायचे कुणी? आपल्याकडे एका खात्यावर चार घरे सिनेमे बघतात आणि पासवर्ड मोठ्या पोरालाच माहीत असतो. त्यातून कुणी सिनेमा उतरवून पाठवला तर अक्षरही गेले आणि कुलूपही गेले. रीलचे तर विचारूच नका. दोन तासांच्या सिनेमातला सगळ्यात भयंकर अर्धा मिनिट तेवढा कापून समोर येतो. त्याच्या मागेपुढे गोष्ट नसते आणि शेवटही नसतो. लेकराच्या डोक्यात फक्त तो चेहरा राहतो.

'यूए' असला म्हणजे झाले का?

आता दुसरा सिनेमा घ्या. 'मुंज्या', दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, जून 2024. हाही कोकणातला. याला 'यूए' होते, तेही आकडे नसलेले जुने. हसवणारा सिनेमा म्हणून आपल्या वस्तीतली घरेच्या घरे लेकराबाळांसह पाहून आली. पुष्कळ मुले मुंज्याची नक्कल करत घरी आली आणि शांत झोपली. त्यांना काही झाले नाही.

पण त्या सिनेमाच्या सुरुवातीला 1952 सालचा एक मुलगा आहे. आपल्याला हवी ती मुलगी मिळावी म्हणून तो जादूटोणा करतो आणि त्यासाठी स्वतःच्या लहान बहिणीचा बळी द्यायला निघतो. हा नरबळीचा प्रसंग आहे. आमच्या ओळखीच्या एका सात वर्षांच्या मुलीने तो पाहिला आणि त्यानंतर ती आपल्या दादाशेजारी झोपेना. घरच्यांना वाटले, त्या नाचऱ्या भुताला घाबरली. ती घाबरली होती भावाला.

ती आणखी एका गोष्टीला घाबरायची. मुंजा पिंपळावर राहतो, असे तिला शाळेतल्या मैत्रिणींनी सांगितले. आपल्या विहाराच्या अंगणात पिंपळ आहे. पोरगी अंगणात पाय ठेवेना. पाहा गंमत, मुंज झालेला मुलगा सोडमुंज व्हायच्या आत मेला तर त्याचा मुंजा होतो, अशी ती समजूत. ज्या घरात कधी मुंजच लागली नाही, त्या घरातल्या लेकराला मुंजाची भीती! तिच्या आजीने तिला हाताला धरून झाडाखाली आणले आणि सांगितले, "हा बोधिवृक्ष. याच्याखाली सिद्धार्थाला ज्ञान झालं." मुलीने विचारले, "मग मुंजा कुठं गेला?" आजी म्हणाली, "तो गोष्टीत आहे बाळा. गोष्ट माणसांनी केली. झाड आपलं आधीपासून झाडच आहे." पुढचे चार रविवार दोघी तिथे बसून पाने गोळा करायच्या. आता ती मुलगी इतर पोरांना पिंपळाची ओळख करून देते.

सांगायचे ते हे की अक्षर सिनेमाला मिळते, तुमच्या लेकराला पाहून कुणी ते दिलेले नसते. 'ए' असेल तर विषय संपला, मुलांना नाही. 'यू' किंवा 'यूए' असेल तर विचार तिथून सुरू होतो.

वयानुसार भीती बदलते

*सहा-सात वर्षांपर्यंत* खरे काय आणि बनवलेले काय, यातली रेघ मुलाच्या मनात पक्की झालेली नसते. "अरे, हा नुसता सिनेमा आहे," हे वाक्य या वयात फारसे चालत नाही. मुले दिसण्याला घाबरतात. विद्रूप चेहरा, अचानक मोठा आवाज, ओळखीच्या माणसाचे बदललेले रूप. भीतीचे सिनेमे या वयात नकोतच, 'यूए 7+' सुद्धा नको.

*सात ते दहा वर्षे* मुलाला कळते की हे खरे नाही. पण "असे होऊ शकेल का?" हा प्रश्न पडायला लागतो. आई मरेल का, बाप बदलेल का, कुणी मला पळवून नेईल का. आपल्या घराशी, माणसांशी जुळणारी भीती या वयात खोल जाते. आमच्या त्या मुलाचे हेच झाले.

*दहा ते तेरा वर्षे* मुले मित्रांसमोर घाबरलो असे कबूल करत नाहीत. हसतात, पैजा लावतात आणि रात्री दिवा लावून झोपतात. यांच्याशी बोलण्यासाठी आपणच विषय काढायला हवा.

*तेरानंतर* मुले गोष्टीमागचा अर्थ पकडू लागतात. 'यूए 13+' सिनेमा एकत्र बसून पाहावा आणि मग बोलावे. लोभ, सूड, अंधश्रद्धा यांवर चांगल्या गप्पा होतात.

हे आकडे अंदाजाचे आहेत. एकाच घरातला मोठा भित्रा असतो आणि धाकटी धीट असते. ज्या मुलाच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्याने घरात मारहाण पाहिली आहे, ज्याला आकडी येते किंवा जे नुकतेच आजारातून उठले आहे, त्याच्या बाबतीत आणखी जपून.

दाखवण्याआधी पाच प्रश्न

1. आपण स्वतः तो पाहिला आहे का? वेळ नसेल तर पाहिलेल्या मोठ्या माणसाला विचारा. पोरांना विचारू नका, ती "काही नाही त्यात" असेच सांगणार.
2. भीती कुणाची आहे? दूरच्या राक्षसाची, की आई, बाप, भाऊ, आजी यांचीच? घरचे माणूसच भयंकर होत असेल तर दहा वर्षांखाली नको.
3. शेवट काय होतो? मूल सुटते का, त्याला कुणी आधार देते का? की अंधारातच संपते?
4. सिनेमा भूत, करणी, बळी हे खरे म्हणून सांगतो, की कल्पना म्हणून? मुलाला पडलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आपली तयारी आहे का?
5. शेजारी कोण बसणार आणि रात्री कुठे झोपणार? पाहायचाच असेल तर दिवसा, दार उघडे ठेवून, मोठ्या माणसाच्या कुशीत. मूल "बंद करा" म्हणाले की लगेच बंद. "घाबरट" म्हणून हसायचे नाही.

छोट्या खोलीत एकाने लावले की सगळे पाहतात, हे आम्हाला माहीत आहे. मोठ्यांना पाहायचा असेल तर इअरफोन लावून, पडदा भिंतीकडे करून, मुले झोपल्यावर. आणि झोपली आहेत ना, याची आधी खात्री करा.

मग भीतीच्या गोष्टी सांगायच्याच नाहीत का?

हा प्रश्न एका काकांनी विचारला, बरोबर विचारला. आपण विहारात मुलांना अंगुलिमालाची गोष्ट सांगतो. जंगलात दबा धरून बसणारा, माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्याच्या दीक्षेचा प्रसंग घेतला आहे. गोष्ट काय कमी भयानक आहे? तरी ती ऐकून कुठले मूल अंथरूण ओले करत नाही.

याचे कारण गोष्ट सांगणारा समोर असतो. तो मुलाचा चेहरा पाहतो आणि डोळे विस्फारले की आवाज खाली आणतो. मूल आपल्या मनात तेवढेच चित्र काढते, जेवढे त्याला पेलते. आणि त्या गोष्टीत बुद्ध न घाबरता चालत राहतात, शेवटी तो क्रूर माणूस चीवर घालतो. मुलाला भीतीतून बाहेर यायची वाट दिसते. थोडी भीती मुलाला बळ देते. भीतीत एकटे पडणे त्याला आजारी पाडते. सिनेमा निवडताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आणि जाता जाता आपल्याही चुकीकडे पाहू या. 'तुंबाड'मध्ये म्हातारीला हस्तरचे नाव घेऊन झोपवतात. आपण आपल्या पोरांना कसे झोपवतो? "झोप, नाहीतर बुवा येईल." "जेव, नाहीतर पोलीस नेईल." भुताचे बी सिनेमाच्या आधी आपणच पेरलेले असते.

मूल आधीच घाबरले असेल तर

*ऐकून घ्या.* काय पाहिले, कुठला भाग सगळ्यात वाईट वाटला, ते त्याला सांगू द्या. सांगता येत नसेल तर चित्र काढू द्या. का पाहिलेस म्हणून मारू नका. मारले तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

*सिनेमा कसा बनतो ते दाखवा.* मेकअप, रबराचे मुखवटे, कॉम्प्युटरची करामत. त्या भयंकर रूपामागच्या नटाचा साधा, हसरा फोटो दाखवा. सात वर्षांपुढच्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

*रात्रीची सोय करा.* छोटा दिवा लावा. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद. 6 ते 12 वयाच्या मुलाला रात्री 9 ते 12 तास झोप लागते. ती मोडली की दिवसा चिडचिड होते आणि वर्गात डुलक्या येतात.

*संडासला सोबत जा.* आपल्या वस्तीत संडास घरात नाही, गल्लीच्या टोकाला आहे, दिवा कधी असतो कधी नसतो. घाबरलेले मूल लघवी आणि शी दाबून ठेवते. त्यातून बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ होते, इन्फेक्शन होते. मुलींना त्याचा त्रास जास्त. झोपण्याआधी सोबत नेऊन आणा आणि रात्री हाक मारली की कुरकुर न करता उठा.

*अंथरूण ओले झाले तर* गाजावाजा करू नका, भावंडांना चिडवू देऊ नका. संध्याकाळी सातनंतर चहा आणि रंगीत पेये नकोत. पाणी मात्र दिवसभर नीट पिऊ द्या.

*दोरा, अंगारा, उतारा नको.* यात पैसे जातात, शिवाय मोठे नुकसान म्हणजे "तुला खरेच काहीतरी लागले आहे" असे मुलाला आपणच सांगतो. त्याची भीती पक्की होते. धुरीचे तर नावच काढू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला. त्यानंतर हा कायदा आला. आपण तो वापरायला शिकले पाहिजे.

दवाखान्यात कधी न्यावे?

साधी भीती आधार मिळाला की दोन-तीन आठवड्यांत उतरते. पण महिनाभरात फरक नाही, मूल शाळेत जायला नकार देते, जेवण सोडते, सतत तेच दृश्य दिसते म्हणते, झोपेत किंचाळून उठते आणि दिवसाही आईला सोडत नाही, असे असेल तर डॉक्टरांना दाखवा. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरुणात करू लागले तर भीती हे कारण असले तरी लघवीची तपासणी करून घ्या. इन्फेक्शन किंवा साखर असू शकते. फार तहान लागत असेल, वजन घटत असेल, ताप असेल तर थांबूच नका.

आपल्याला सायन हॉस्पिटल, म्हणजे लोकमान्य टिळक रुग्णालय, जवळ आहे. तिथे बालरोग आणि मानसोपचार या दोन्हींची ओपीडी आहे. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा दवाखाना हा समज काढून टाका. फोनवर बोलायचे असेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर फुकट आहे. मुलाला कुणी मारत किंवा छळत असेल तर 1098.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

त्या रविवारी आम्ही आधी त्याच्या आजीला भेटायला गेलो. भांडायला नाही. आजीने नातवासाठी गाठीचे पैसे मोडले होते, तिचा जीव तुटत होता. आम्ही तिच्यापुढे ते चित्र ठेवले आणि काय झाले ते सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझं पोर मोबाइलला घाबरलंय." आम्ही म्हटले, "होय आजी." अमावस्या आली आणि गेली, धुरी झाली नाही. लघवी तपासली, ती ठीक निघाली.

मोठ्या भावाला कुणी मारले नाही. त्याला काम दिले. धाकट्याला सिनेमा कसा बनवतात याचे व्हिडिओ दाखवायचे आणि रात्री दहाला त्याला संडासला घेऊन जायचे. ते त्याने इमानाने केले. वडिलांनी पहाटे दार वाजवण्याऐवजी बाहेरून मुलाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. ही युक्ती आम्ही सुचवली नव्हती, ती त्यांचीच.

तिसऱ्या आठवड्यात अंथरूण कोरडे राहू लागले. दोरा अजून गळ्यात होता. एका रविवारी वंदना झाल्यावर पोरगा आमच्या टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "कात्री आहे का?" दोरा आजीने कापला.

तुमच्याही घरात असे एखादे लेकरू गप्प झाले असेल, तर आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि काय पाहिलेस ते विचारा. रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात आहोतच. जय भीम.